उचललेला वाटा

आमच्या अध्यक्षाची मला शिसारी येते, हे आधीच सांगून टाकतो. हा माणूस जेवताना बोटं चाटतो. एकेक बोट, पार मुळापर्यंत. आणि चाटून झालं की त्याच ओल्या बोटांनी शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारून विचारतो, "पोटभर जेवला ना, भाऊ?" कंपनीच्या दर वार्षिक सभेनंतर जेवण असतं आणि दर सभेनंतर माझा शर्ट धुवायला पडतो.

कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमची कंपनी म्हणजे तलावाच्या पाळीखालची पत्र्याची खोली, त्यात एक टेबल, जाळ्यांचा ढिगारा आणि भिंतीवर नोंदणीचा कागद. गोंडपिपरी तालुक्यातलं आमचं गाव, बहुतेक वस्ती मासेमार ढिवरांची, आणि गावाचं पोट त्या जुन्या तलावावर. काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला आलेल्या एका साहेबानं सोसायटीच्या जागी प्रोड्युसर कंपनी काढायला लावली. दायित्व मर्यादित, म्हणजे कंपनी बुडाली तरी तुमच्या घरावर कोणी येणार नाही, एवढं आमच्या डोक्यात पक्कं बसलं. साहेबानं दुसरंही एक सांगितलं होतं. कायद्याच्या नजरेत कंपनी हा वेगळा माणूस असतो, तुमच्यापेक्षा आणि अध्यक्षापेक्षाही वेगळा. तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "मंग त्याले जेवाले बोलवा!" आणि आम्ही सगळे खो खो हसलो.

मी स्वतः जाळं टाकत नाही. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, टायपिंगही करतो. वडील गेल्यावर त्यांचा शेअर माझ्या नावावर आला, म्हणून मी सभासद. कागदाशी रोज संबंध असल्यामुळे गावात मला हुशार समजतात. मीही समजत होतो.

पाळीखाली कंपनीच्या चार बोड्या होत्या. बोडी म्हणजे लहान तळं. गावानं श्रमदान करून त्या खोदल्या होत्या. तीन बोड्यांत पिल्लं वाढायची आणि चौथीत मोठे मासे असायचे, रोहू, कतला, मांडीएवढे. ते धरायचे नाहीत, विकायचे नाहीत, खायचे तर नाहीतच. पावसाळा लागला की त्यांच्यापासून बीज घ्यायचं, ते वाढवायचं आणि तलावात सोडायचं. बोड्या गेल्या तर तलाव नुसतं पाणी, आणि तलाव नुसतं पाणी झाला तर गावाला वीटभट्टीवर जाण्यावाचून काही उरत नाही. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं.

त्या चौथ्या बोडीला खाऊ घालायचं काम मोठीमायकडे होतं. ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, विधवा, नवऱ्याच्या शेअरवर कंपनीची सभासद, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ. कोंडा आणि ढेप, म्हणजे पेंड, कालवून ती सकाळी बोडीवर जायची, पत्र्याचा डबा दगडानं वाजवायची, आणि तो आवाज ऐकून मासे काठाशी यायचे. गावात तिच्याशी फारसं कोणी बोलत नसे, कारण ती कोणाचं ऐकून घेत नसे. मीही तिला टाळायचो. समोर आली की काहीतरी खोचक बोलणार, मग उगाच दिवस खराब कशाला?

आता ती मे महिन्यातली सकाळ. मृग लागायला थोडे दिवस होते. कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अध्यक्षाचा निरोप आला की सगळ्यांनी पाळीवर या. गेलो तर चौथ्या बोडीतलं पाणी मोटरीनं काढून टाकलेलं आणि चिखलात ते मोठे मासे आडवे पडून शेपट्या आपटत होते. अध्यक्ष पाळीवर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "बोड्या माह्या जावयाले चालवाले देऊन राह्यलो आपण. तीस वर्साचा करार हाय. थो आपलं नवीन बीज आणन. ह्या माशाईचं आता काही काम नाई. वाया कायले घालवाचे? वाटे करा."

हे त्यानं चोरून सांगितलं नाही. कानात कुजबुजला नाही. सगळ्यांसमोर सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. फक्त ऐकताना आमचे डोळे माशांवर होते.

आमच्याकडे वाटे पाडायची रीत आहे. पळसाची पानं अंथरून त्यांवर सारखे ढीग लावायचे. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस न बघता एका घराचं नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्यानं ढीग उचलायचा. लहान का मोठा, असं म्हणायचं नाही. आणि एकदा वाटा उचलला की त्या मासेमारीबद्दल, त्या दिवसाबद्दल, पुन्हा तोंड उघडायचं नाही. भांडण असेल तर उचलायच्या आधी. या रीतीमुळे आमच्या गावात माशांवरून कधी डोकी फुटली नाहीत, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो.

माझ्या वाट्याला कतला आला. पोट तट्ट फुगलेलं. दोन्ही हातांत तो आडवा धरून मी फोटो काढवून घेतला आणि लगेच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कंपनीचा विजय असो," आणि पुढे अंगठ्याची तीन चित्रं. आज तो फोटो पाहिला की माझेच दात मला नकोसे वाटतात, इतका मी त्यात हसतोय.

घरी बायकोनं मासा चिरला तर आत अंडी गच्च भरलेली. तिनं ती तेलात परतली, थोडं तिखट, थोडा लसूण. आम्ही वरणभाताबरोबर ती संपवली. मी दोनदा मागून घेतली. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातून तोच वास येत होता.

मृग गेला. बोड्यांना तारेचं कुंपण आलं, कुलूप आलं, जावयाच्या नावाची पाटी आली. नवीन बीज आलं खरं, पण ते भलत्याच गाड्यांतून भलत्याच तलावांना जाऊ लागलं. आमच्या तलावासाठी विचारायला गेलं की जावई म्हणायचा, पुढच्या खेपेला बघू. एक पावसाळा असा गेला, दुसरा गेला. मग जाळी टाकली की वर यायचा तो चिखल, शिंपले आणि वीतभर मरळ. गावातले पाच-सहा गडी तेलंगणात कामाला निघाले. तेव्हा कुठे माझं डोकं तापलं. मी पेटून उठलो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

चंद्रपूरला माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. त्यांची टायपिंगची कामं मी कधीमधी करून दिली आहेत. त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नव्हे. वाट्यांचं सांगितलं नाही. मला त्याचं महत्त्व वाटलं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो.

बाईंनी विचारलं, "बोड्या कुणाच्या?"

"गावाच्या."

"गावाच्या नाहीत भाऊ, कंपनीच्या. नुकसान कंपनीचं झालंय, म्हणून केसही कंपनीनंच करायची. तुम्ही सभासद असलात तरी तो हक्क तुमचा नाही."

"पण कंपनीचा निर्णय घेणारे तेच पाच जण. अध्यक्ष आणि त्याचे चार संचालक. ते स्वतःवरच केस कशी करतील?"

"म्हणून तर एक वाट ठेवलीय," त्या म्हणाल्या. "ज्यांनी कंपनीचं वाटोळं केलं त्यांच्याच हातात कंपनी असेल आणि ते तिला कोर्टात जाऊ देत नसतील, तर एखादा सभासद तिच्यासाठी उभा राहू शकतो. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. जिंकलात तर बोड्या कंपनीला परत मिळतील. तुम्हाला वेगळं काही मिळणार नाही. पण आधी कंपनीला पत्र द्या की तुम्ही केस करा. नाही म्हणाले तर पुढे बघू."

मी पत्र टाइप केलं. अध्यक्षालाच विनंती, की कृपया अध्यक्षांवर केस करावी. तो वाचून इतका हसला की त्याच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा माझ्या कागदावर उडाला. "अबे, कंपनी म्हंजे कोन? आमीच ना?" असं म्हणून त्यानं खांद्यावर थाप मारली. आठ दिवसांनी लेखी उत्तर आलं. संचालक मंडळाने विचार केला असून केसची आवश्यकता वाटत नाही. खाली पाचही जणांच्या सह्या. तो कागद मी चिमटीत धरून फाइलला लावला आणि नंतर साबणानं हात धुतले.

ते उत्तर घेऊन मी पुन्हा वकीलबाईंकडे गेलो. छाती पुढे काढून म्हणालो, "लावा माझं नाव."

त्यांनी कंपनीच्या ग्रुपवरचे जुने निरोप बघायला मागितले. करार कधी कळला, कोण काय म्हणालं, हे त्यांना पाहायचं होतं. मी मोबाइल दिला. त्या बोटानं वर सरकवत गेल्या. मग थांबल्या. मोबाइल माझ्याकडे वळवला.

"हे तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"हा मासा त्याच बोडीतला? बोड्या जावयाला देतोय असं त्यानं आधी सांगितलं होतं?"

"सगळ्यांसमोर."

"आणि मग तुम्ही हा घेतला."

"वाटा होता तो," मी म्हणालो. माझंच बोलणं मला घाण वाटलं.

बाई चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, जो त्या गोष्टीला हो म्हणाला, त्यातलं ज्यानं घेतलं, त्याला कंपनीसाठी उभं राहता येत नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा फोटो काढेल. म्हणेल, हा माणूस तेव्हा विजय असो म्हणत होता, आता रडतोय. कोर्ट तुम्हाला बाहेर काढेल आणि केसही तिथंच संपेल. दुसरा सभासद आणा, ज्यानं घेतलं नाही."

"सगळ्यांनीच घेतलं."

"सगळ्यांनी?"

बाई त्या दिवसाचे फोटो एकेक करून बघू लागल्या. मासे धरलेली माणसं, मासे धरलेल्या बायका, माशावर पाय ठेवून उभं असलेलं एक येडं. सगळं गाव दात काढत होतं. मला वाटलं होतं की अध्यक्षानं आम्हाला फसवलं. फसवलं कुठं? त्यानं बोलावलं आणि आम्ही पिशव्या घेऊन गेलो. शेवटी बाई पुन्हा माझ्याच फोटोवर आल्या आणि दोन बोटांनी तो मोठा केला. माझ्या कोपराच्या मागे पळसाच्या पानांवर एक ढीग तसाच होता. त्याच्या पलीकडे पाळीवरून खाली उतरणारी एक पाठ, आणि हातात पत्र्याचा डबा.

तो ढीग मला आठवला. दोन दिवस तो तिथंच पडून होता. उन्हात फुगला, फुटला, घारींनी आणि कुत्र्यांनी ओढला. तिसऱ्या दिवशी मी दुकानाला जाताना नाकाला रुमाल लावला होता आणि मनात म्हटलं होतं, काय तरी ही म्हातारी, खायचा नव्हता तर दुसऱ्याला तरी द्यायचा.

मी मोठीमायकडे गेलो. ती अंगणात मोहाची पानं रचत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मीच काऊन?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बाकी सगळ्याईनं वाटा उचलला, मोठीमाय."

"तू बी?"

"हाव."

तिनं पानं बाजूला सारली. "जितलो तं बोड्या माह्या होतीन?"

"नाई. कंपनीच्या."

"कंपनीत थो बी हाय ना, बोटं चाटनारा?"

"हाय."

"अना तू बी."

"मी बी."

ती थुंकली. माझ्या पायापासून हातभर लांब, पण माझ्याच दिशेनं. मग म्हणाली, "येतो मी. पन मी बोलन तवा मंदात बोलू नोको."

हे गावात पसरायला संध्याकाळही लागली नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष तिच्या दारात हजर. मी तिच्या सहीचे कागद घेऊन गेलो होतो, म्हणून मला ते सगळं ऐकायला मिळालं. त्यानं ढेपेचं पोतं आणलं होतं. अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं काम तुमाले वापस देतो. सकारपासून या, डबा वाजवा, मासे तुमचेच. हे कोर्ट-बिर्ट कायले पायजे या वयात?" त्यानं नेमकं तिच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. बोड्यांना कुंपण लागल्यापासून ती सकाळी रिकामा डबा घेऊन तारेपर्यंत जाऊन येते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि वकीलबाईंनी बजावलं होतं की कंपनीसाठी उभं राहणाऱ्यानं आतल्या आत आपलंच जमवून घेतलं तर सगळं फसलं.

मोठीमायनं पोत्यात हात घातला, मूठभर ढेप काढली, हुंगली. "बुरशी हाय इले," ती म्हणाली. "अना तिथचे मासे मले वळखत नाई. ने वापस."

अध्यक्ष गेला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला आणि मी मागे सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचा मला फार अभिमान वाटला, अर्धा तास.

केस दाखल झाली आणि समोरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला तेच काढलं. या बाईनंही वाटा घेतला आहे, सगळ्या गावानं घेतला आहे, गावाची रीतच तशी आहे, उचलल्यावर तक्रार नाही. सगळं खरं होतं, एक सोडून. ते एक सिद्ध करायला माझा फोटो लागला, आणि फोटो द्यायचा तर तो माझा आहे असं प्रतिज्ञापत्र लागलं. ते मीच टाइप केलं, माझ्याच दुकानात. फोटोत मासा धरलेला इसम मी स्वतः आहे. तो मासा कंपनीच्या बोडीतला आहे हे मला माहीत होतं. बोड्या दुसऱ्याला दिल्या जात आहेत हे मी ऐकलं होतं. तो मासा मी घरी नेला आणि खाल्ला. माझ्यामागे दिसणारा ढीग श्रीमती अमुक यांच्या वाट्याचा असून तो त्यांनी उचलला नाही. मी त्याच्या तीन प्रती काढल्या. मशीनमधून कागद गरम बाहेर येतो. दुसऱ्यांची असली किती तरी प्रतिज्ञापत्रं मी जांभया देत टाइप केली आहेत.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी फोटो बराच वेळ पाहिला. मोठीमायला विचारलं, "तुम्ही वाटा का नाही उचललात?"

ती उभी राहिली. "पोटुशी होत्या त्या," ती म्हणाली. "अना सकारीच मी खाऊ घातलं होतं त्याईले."

तिच्या नावानं केस चालेल, असं न्यायाधीशांनी सांगितलं. बोड्या पुढं आणखी कोणाला देता-विकता येणार नाहीत, असाही आदेश झाला. एवढंच झालं आहे आतापर्यंत. बोड्या अजून जावयाकडेच आहेत. तारखा पडतात, आम्ही दोघं जातो. गावातले लोक आता मला विचारतात, "का मंग, कवा भेटन बोड्या?" विचारणाऱ्या प्रत्येकाचं दात काढलेलं तोंड मला त्या फोटोंमध्ये दिसतं. जिंकलो तर त्या ह्यांनाच मिळणार आहेत, आणि मला.

तो आदेश झाला त्या दिवशी आम्ही एसटीनं परत येत होतो. कोठारीचं जंगल मागे पडलं होतं. मोठीमाय खिडकीशी बसली होती, डबा मांडीवर. कोर्टातही ती तो घेऊनच जाते, त्यात भाकर असते. तिनं एकदम विचारलं, "कसा लागला रे?"

"काय?"

"मासा. इतके वर्सं खाऊ घातलं मी त्याईले. चव नाई माहीत मले."

मी खोटं बोलू शकलो असतो. चिखलट होता म्हणालो असतो, बेचव होता म्हणालो असतो, तर तिला बरं वाटलं असतं की काय कोण जाणे. पण त्याच दिवशी माझं प्रतिज्ञापत्र भर कोर्टात वाचून दाखवलं गेलं होतं.

"चांगला होता, मोठीमाय," मी म्हणालो. "लय चांगला होता."

"अना अंडे?"

"ते बी."

तिनं मान हलवली. "चांगलाच राहीन ना," ती म्हणाली. "ढेप चाळून देत होती मी. एक खडा नाई राहू दिला." तिच्या आवाजात राग नव्हता. कौतुक होतं, स्वतःच्या हाताचं.

गोंडपिपरी येईपर्यंत मी माझी बोटं पँटला पुसत होतो.